पश्चिम केबिनचे देवरावभाऊ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्या शनिवारी लूप लाइनच्या लिव्हरवरचं लाल कडं देवराव खंडारे विसरले नव्हते. ते मी काढलं होतं.

एवढं लिहून मी उठलो, पाणी प्यालो, गॅलरीत जाऊन आलो. परत येऊन पाहतो तर वाक्य तिथंच होतं. म्हणजे आता पुढे लिहिणं भाग आहे.

आम्हा रेल्वेवेड्यांचा एक गट आहे. अकोला, अमरावती, बडनेरा, चांदूर रेल्वे अशी इकडचीच साठ-सत्तर माणसं. कुणी डॉक्टर, कुणी औषधाच्या दुकानात, दोन निवृत्त गार्ड, बाकी कॉलेजची पोरं. दिवसभर फोनवर इंजिनांचे फोटो, जुन्या सिग्नलांच्या आठवणी आणि गाड्यांच्या वेळांवरून भांडणं. गट चालवतो प्रणव, अमरावतीचा इंजिनियर पोरगा. त्यानं यंदा ठरवलं, की पाडून टाकलेल्या पश्चिम केबिनवर एक लहानसं पुस्तक काढायचं. ज्याला जे आठवतं ते त्यानं लिहून द्यायचं. कुणी जिन्यावर लिहिलं, कुणी तारांच्या आवाजावर. मला तो म्हणाला, "सर, तुम्ही तर तिथे रोज बसायचे म्हणे. तुम्ही केबिनमनवर लिहा."

स्टेशनाचं नाव लिहीत नाही. मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याच्या मधलं आहे, एवढं पुरे. तिथे नोकरी केलेली माणसं अजून आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही.

ज्यांनी केबिन पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुळांच्या कडेला दुमजली इमारत, बाहेरून लोखंडी जिना, वरच्या खोलीला तीन बाजूंनी काचा. खोलीत जमिनीतून वर आलेले माणसाच्या छातीएवढे उंच लोखंडी दांडे, एका ओळीत बावीस. हे लिव्हर. एक ओढला की खाली तार ताणली जाई, चाकांवरून सरसरत दूर जाई आणि अर्ध्या-पाऊण किलोमीटरवरच्या खांबावरचा हात खाली पडे. दुसरा ओढला की रूळ बाजूला सरके. गाडी कोणत्या लाइनवर घ्यायची ते स्टेशन मास्तर फोनवरून सांगत, आणि ती आत घेई केबिनमन. पश्चिम केबिन म्हणजे अकोल्याच्या अंगाची. तिथले केबिनमन देवरावभाऊ.

उंची बेताची. खांदे मात्र एखाद्या पहिलवानाचे, आणि त्यातही उजवा डाव्यापेक्षा बोटभर उतरलेला. वर्षानुवर्षं लिव्हर ओढून तसा झाला होता. त्यांचा मूर्तिजापूरचा शिंपी न विचारता शर्टाची उजवी बाही लांब ठेवायचा. खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, मे महिन्यातसुद्धा. तंबाखूची डबी ते जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवूनच वर येत. "तिचं वरते काही काम नाही," असं म्हणत. तलफ आली की खाली उतरत नसत, फक्त काचेतून त्या पायरीकडे एकदा पाहून घेत.

मी तेव्हा स्टेशनापासून दोन किलोमीटरवरच्या गावात शाळेवर होतो. घर अकोल्याला, त्यामुळे रोजचं अप-डाउन. पहिल्याच उन्हाळ्यात एक दिवस पॅसेंजरची वाट पाहत फलाटाच्या टोकाला उभा होतो. डोक्यावर ना झाड ना पत्रा. वरून आवाज आला, "ओ गुरुजी! तुमची गाडी आजून बडनेऱ्यातच हाये. काहून उन्हात वाळून राह्यले? या वरते."

मी वर गेलो. त्यांनी माठातलं पाणी दिलं, स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, "बसा. फक्त कायले हात लावू नका."

बाहेरच्या माणसाला केबिनमध्ये घ्यायला सक्त मनाई होती. दारावर पाटीच होती तशी. पुढची तीन वर्षं त्या पाटीखालून मी रोज आत जात होतो.

लिव्हरांना नंबर असतात. देवरावभाऊंनी त्यांना नाती दिली होती. सात नंबर म्हणजे सगळ्यात लांबचा सिग्नल. तो सासरा. "याच्यापाशी जोर नाही चालत, गुरुजी. वजन चालते. आंग टाकाव लागते याच्यावर." अकरा नंबर जावई. "याले पह्यले जराशीक हालवाव लागते, मान द्याव लागते, मंग येते." चार नंबर, बाजूच्या लूप लाइनचा सिग्नल, अगदी हलका, ते धाकटं पोरगं. ओढताना ते मोठ्यानं बोलत. "या सासरेबुवा." मग काचेतून दूरच्या खांबाकडे पाहत, हात खाली आला की म्हणत, "पडला." ऐकायला कुणी नसलं तरी म्हणत. मी विचारलं, कोणासाठी? म्हणाले, "हातानं केलं का डोक्यानं केलं, हे तोंडानं बोल्लं का समजते."

आमच्याकडच्या उन्हात लोखंडी तारसुद्धा लांबते. सकाळी नीट पडणारा सिग्नलचा हात दुपारी अर्धवटच पडतो, मग लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला कळत नाही की जा म्हणतो की थांब म्हणतो. म्हणून देवरावभाऊ दुपारी एकदा खाली उतरून तार आवळत आणि संध्याकाळी परत सैल करत. इतर केबिनमन उन्हाळ्यात हे काम एक दिवसाआड करत. हे दिवसातून दोनदा. "तारेले काय मालूम आज शनवार हाये का रईवार."

उघड्या हातानं लिव्हर धरायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. खांद्यावर कायम एक पांढरं फडकं, त्यानंच धरायचं. मुठी अशा चकाकत की त्यात काचेतलं आभाळ दिसे. एकदा तपासणीला कोणी साहेब आले आणि हौसेनं उघड्या हातानं लिव्हर धरू लागले. देवरावभाऊंनी आधी सलाम केला आणि मग फडकं पुढे केलं. "साहेब, हे घ्या. घाम लागते." साहेब म्हणाले, "माझ्या हाताला घाम नाही." देवरावभाऊ म्हणाले, "नाही ना साहेब. लिव्हरचा घाम तुमाले लागन म्हून म्हणतो." साहेब हसले आणि त्यांनी फडक्यानं लिव्हर धरला. ते जिना उतरून गेल्यावर देवरावभाऊंनी ती मूठ तरीही पुसली.

सगळ्यात गमतीची गोष्ट नंबराची. मास्तर फोनवर विचारत, "देवराव, लूप मोकळी आहे?" नुसतं 'हो' म्हणून चालत नसे. केबिनमनजवळ छापील नंबरांचा एक कागद असे. त्यातला पुढचा नंबर मास्तरांना सांगायचा, मास्तर तो वहीत लिहीत, आणि इकडे तो पेन्सिलीनं खोडायचा. नंबर दिला म्हणजे केबिनमननं स्वतः पाहिलं, जबाबदारी त्याची. देवरावभाऊ आधी लाइनीकडे पाहत, मग लिव्हरांच्या ओळीकडे, मग परत लाइनीकडे. "नंबर देला म्हंजे जबान देली," असं म्हणत.

माझं लग्न ठरत होतं. मुलगी अंजनगाव सुर्जीची. मी केबिनमध्ये पेढे घेऊन गेलो. देवरावभाऊंनी पेढा हातात धरून ठेवला.

"हो म्हटलं?"

"हो."

"कोन म्हटलं? तिच्या बापानं?"

"बापानं, मामानं, सगळ्यांनी."

"अन् पोरीनं? तिनं नंबर देला का?"

मी हसलो. ते नाही हसले. पेढा कागदात परत ठेवून म्हणाले, "मंग लाइन किलिअर नाही, गुरुजी. बापाच्या भरवशावर गाडी घेऊ नका आत."

पुढच्या रविवारी मी अंजनगावला गेलो आणि तिच्या घराच्या ओसरीवर, आतून चार जणी डोकावत असताना, तिला विचारलं की तुम्हाला स्वतःला पटतं ना. तिनं आधी आतल्या चौघींकडे पाहिलं. मग म्हणाली, "विचारलं म्हणून सांगते. हो." बायको अजूनही म्हणते, मी तिला त्या प्रश्नामुळे आवडलो. तो प्रश्न माझा नव्हता, हे मी तिला सांगितलं आहे. एवढं तरी सांगितलं आहे.

लग्नानंतर तिला केबिन दाखवायला नेलं तर देवरावभाऊच जिना उतरून खाली आले. हात जोडून म्हणाले, "बाई, राग मानू नका. वरते बाह्यरचा मानूस न्याची मनाई हाये."

ती म्हणाली, "मग हे रोज कसे जातात?"

"हे मानूस कुठी हायेत? गुरुजी हायेत."

वर्षातून एकच दिवस ते हक्कानं रजा घेत, चौदा एप्रिलची. पंधराला बुंदीचा पुडा घेऊन येत, मास्तरांना आणि मला देत. त्यांचे वडील तिवश्याकडच्या एका पाटलाच्या वावरात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, होते. सरकारी वर्दी घालून त्या वस्तीतून बाहेर पडलेले देवरावभाऊ पहिले. आमच्याही घरी सालदार होते. त्यांचं ताट वेगळं असायचं, अंगणातल्या कोनाड्यात. मी हे देवरावभाऊंना कधी बोललो नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

ते लाइनीकडे दोन-दोनदा पाहतात म्हणून एका मास्तरांनी एकदा फोनवर त्यांची टिंगल केली होती. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "गुरुजी, याची चूक झाली तं याची एकट्याची होईन. माझी झाली तं माझ्यावर नाही थांबत. साऱ्या वस्तीवर जाते. म्हून मी दोनदा पाहातो. सव्वीस वर्स झाले, आजून एक कागद नाही लागला माझ्या नावावर."

सव्वीस वर्षं ठपक्याचा एक कागद नाही. या माणसाची सगळी कमाई एवढीच होती, आणि ती मला पक्की माहीत होती.

आता कड्याचं. लूप म्हणजे मुख्य लाइनीच्या बाजूची लाइन. तिच्यावर काही उभं असलं आणि ते केबिनमधून दिसत नसलं, तर चुकून गाडी आत घेतली जाऊ नये म्हणून त्या लाइनीच्या सिग्नलच्या लिव्हरवर एक लाल लोखंडी कडं, इंग्रजीत कॉलर, चढवून ठेवत. ते चढलं की मूठ दाबली जात नाही, लिव्हर ओढता येत नाही. आता सगळं विजेवर आहे, लाइनीवर डबा असला की दिवा आपोआप सांगतो. तेव्हा ते कडं सांगायचं. देवरावभाऊंनी मला हे एकदा नाही, दोनदा समजावून सांगितलं होतं. मी शिक्षक, मला एकदा सांगितलं तरी पुरे होतं.

शनिवारी सकाळची शाळा. अकराला सुटायची आणि माझी गाडी दीडला. तेवढा वेळ केबिनमध्ये. त्या शनिवारी मी साळ्याचा कॅमेरा मागून आणला होता, रोलवाला. मार्च महिना, काचांतून ऊन थेट लिव्हरांवर. लूपवर त्या दिवशी गिट्टीचे दोन डबे उभे होते, पार बडनेऱ्याच्या टोकाला, मालधक्क्याच्या शेडच्या आड. केबिनमधून दिसत नव्हते. लिव्हरवर कडं होतं.

देवरावभाऊ तार आवळायला खाली उतरले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. ओळीनं बावीस चकाकत्या मुठी आणि मध्येच ते रंग उडालेलं कडं. फोटो बिघडत होता. मी कडं काढलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, शेजारी माझी बॅग टेकवली, आणि फोटो काढला. पाच मिनिटांत परत चढवू असं मनात होतं.

देवरावभाऊ हात पुसत वर आले. मी म्हटलं, "थांबा, तुमचाही घेतो." ते लाजले. म्हणाले, "आमचा कायले रोल खराब करता?" पण फडकं खांद्यावर नीट घेतलं, गुंडी चाचपली आणि लिव्हरांच्या शेजारी ताठ उभे राहिले. मी बटण दाबणार तेवढ्यात कशाचं तरी हसू आलं त्यांना. तसाच फोटो आला. आणि फोनची घंटी वाजली.

मास्तर नवे होते, चार दिवसांच्या बदलीवर आलेले. अकोल्याकडून पॅसेंजर येते आहे, मागे एक्स्प्रेस आहे, पॅसेंजर लूपवर घेऊ. लूप मोकळी आहे का?

देवरावभाऊंनी लाइनीकडे पाहिलं. मग लिव्हरांच्या ओळीकडे पाहिलं. तिथं कडं नव्हतं. सकाळपासून त्यांनी दहा-बारा गाड्या काढल्या होत्या, गिट्टीचे डबे मधल्या वेळात इंजिन येऊन घेऊन जाणार होतं. कडं नाही म्हणजे डबे गेले, आणि आपणच ते उतरवलं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी परत एकदा लाइनीकडे पाहिलं. आणि नंबर दिला.

रूळ सरकले. "या," ते चार नंबरला म्हणाले. खांबावरचा हात खाली आला. "पडला."

आता जे लिहितो आहे ते कड्यापेक्षाही जड आहे. मला तेव्हा आठवलं होतं. "पडला" हा शब्द ऐकला आणि मला कडं आठवलं, डबेही आठवले. गाडी अजून बाहेरच्या सिग्नलपाशी होती. मी तोंड उघडलं असतं तर ती तिथंच थांबली असती आणि जगात कुणाला काही कळलं नसतं. मी बोललो नाही. डबे गेलेही असतील, असं मनाशी म्हणालो. खरं म्हणजे मला लाज वाटली. 'कायले हात लावू नका' म्हणून सांगितलेल्या माणसानं हात लावला होता, हे त्यांच्यासमोर कबूल करायची लाज. आठ-दहा सेकंद. फार तर पंधरा. मग इंजिन केबिनसमोरून आत गेलंच.

देवरावभाऊ हिरवी झेंडी घेऊन खिडकीशी आले आणि त्यांना माझ्या बॅगेशेजारी कडं दिसलं.

त्यांनी लाल झेंडी उचलून अर्धं अंग खिडकीबाहेर काढून ती अशी हलवली की मला वाटलं ते खाली पडतील. ओरडत होते. शेवटच्या डब्यातल्या गार्डनं पाहिलं, ब्रेक लावला. तिकडे ड्रायव्हरलाही शेडपलीकडे डबे दिसले. लूपवर गाडी मुळातच हळू असते. ती थांबली तेव्हा इंजिन आणि गिट्टीच्या डब्यांच्या मध्ये चारेक डब्यांचं अंतर उरलं होतं. कुणाला खरचटलंही नाही. पण ड्रायव्हर खाली उतरून कागदावर लिहू लागलेला वरून दिसत होता.

देवरावभाऊंनी सिग्नलचा लिव्हर जागेवर नेला. कडं उचललं, लिव्हरवर चढवलं. मग माझी बॅग माझ्या हातात दिली.

"गुरुजी, खाली उतरा. मांगच्या बाजूनं जा."

"देवरावभाऊ, ते मी..."

"मले समजलं. तुमी आज आलेच नाही इथं."

मी मागच्या बाजूनं गेलो.

चौकशी झाली. मास्तरांच्या वहीत केबिनचा नंबर लिहिलेला होता, ते सुटले. देवरावभाऊंनी लिहून दिलं, की डबे उभे असताना कडं उतरवलं गेलं, मला विसर पडला. दहा दिवसांनी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. त्यांच्या बायकोनं चहा केला. चुलीशी बसूनच म्हणाली, "याईचं एकच म्हणणं हाये, का मीच इसरलो. मले पटत नाही, गुरुजी. हा मानूस घराची कडी तीनदा पाहाते." मी कपाकडे पाहत होतो.

देवरावभाऊ मला पोचवायला बाहेर आले. मी म्हटलं, "मी जाऊन साहेबांना सांगतो."

ते म्हणाले, "सांगून काय होईन? बाह्यरचा मानूस वरते होता, हे आनखी लागन. एकाचे दोन गुन्हे होतील. राहू द्या."

हे खरंच होतं. मी त्या बोलण्याला धरून बसलो, ते किती वर्षं. पण ते बोलले त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं. जूनमध्ये माझा शाळेत कायम होण्याचा आदेश निघायचा होता. त्यांना माझं हायसं वाटणं दिसलं. त्यांना सगळंच दिसायचं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा, तुमची गाडी यीन."

त्याच आठवड्यात स्टेशनाबाहेरच्या टपरीवर मी चहा पीत होतो. बाकावर दोघं बोलत होते. एक म्हणाला, "ह्यायले घ्याव कामावर, अन् जीव जावा आपला." ह्यायले म्हणजे कोणाला, ते टपरीवर प्रत्येकाला कळलं. माझ्याच ओळखीची, माझ्याच जातीची माणसं. मी चहा संपवला, कप ठेवला आणि गाडीत बसलो.

देवरावभाऊंना केबिनवरून काढलं. बडनेऱ्याला पार्सलच्या हातगाड्या ओढायला लावलं, तिथूनच ते निवृत्त झाले. मी कायम झालो, दोन वर्षांनी अकोल्याच्या शाळेत बदली करून घेतली. बडनेऱ्याला कधी गाडी बदलावी लागली तर मी पूल चढून दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहत असे.

मग स्टेशनात बटणांचा फलक आला, दिव्यांचे सिग्नल आले. केबिन काही वर्षं रिकामी उभी होती, काचा फुटलेली. पाडायचं ठरलं तेव्हा आमचा सगळा गट कॅमेरे घेऊन गेला. रविवार होता. जेसीबी आलेला, पोरं जागा धरून उभी. आणि फलाटाच्या टोकाला पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा, हातात कापडी पिशवी, उजवा खांदा उतरलेला.

प्रणव त्यांच्याजवळ गेला. "काका, तुम्ही इकडचेच का? या केबिनमध्ये कोण असायचं, आठवतं का काही?"

"नाही बाप्पा. मी तं गाडीसाठी थांबलो."

प्रणव परत कॅमेऱ्याकडे गेला. मी गर्दीच्या मागे होतो. त्यांनी मला हेरलं आणि ते सरळ माझ्याकडे आले.

"गुरुजी, लट्ठ झाले तुमी."

मी म्हटलं, "तुम्ही त्याला नाही का म्हणालात?"

"हो म्हटलं असतं तं पुढचं इचारलं असतं ना पोट्ट्यानं. कोनते केबिनमन, ते कडंवाले का? मंग काय सांगू?" ते हसले, पण डोळे केबिनकडे होते. "खोटं मले बोलता येत नाही, अन् खरं माझं एकट्याचं नाही."

खरं तुम्ही सांगता का, हे एवढं स्पष्ट मला कुणी कधी विचारलेलं नाही. आजूबाजूला साठ माणसं होती, ज्यांना या केबिनविषयी सगळं जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "चहा घेता का?"

"नको. गाडी यीन आता."

ते फलाटावरून चालू लागले. मागे जेसीबीचा दात जिन्याच्या वरच्या भिंतीत गेला, पोरं ओरडली, सगळे कॅमेरे तिकडे वळले. मी एकटाच दुसरीकडे पाहत होतो. देवरावभाऊ पाठमोरे थांबले. वळले नाहीत. विटा कोसळायचा आवाज पूर्ण संपेपर्यंत तसेच उभे राहिले, मान किंचित खाली. आवाज थांबल्यावर पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालत गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

गेल्या वर्षी ते वारले. मला कळलं ते आमच्या गटावरूनच. सुनील नावाचा एक जण नवा आला होता, चांदूर रेल्वेचा, रेल्वेत सिग्नलच्या कामावर. त्यानं लिहिलं, "माझे वडील देवराव खंडारे पश्चिम केबिनला होते. ते नुकतेच वारले. केबिनमधला त्यांचा एकही फोटो घरी नाही. कुणाकडे असेल तर कृपया द्यावा."

फोटो माझ्याकडे होता. दोन रात्री विचार करून मी पाठवला. लिव्हरांशेजारी ताठ उभे, फडकं खांद्यावर, हसू फुटलेलं. गटावर नुसता गोंधळ उडाला. एका जाणकारानं फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, "लूपच्या लिव्हरवर कॉलर नाही. म्हणजे तेव्हा लूप मोकळी होती." मी त्यावर अंगठा टाकला. हो, टाकला.

सुनीलचा फोन आला. त्याचा आवाज थेट वडिलांचा. म्हणाला, "सर, बाबा असे हसलेले मी पाह्यलेच नव्हते कधी." मग म्हणाला, "आमाले ट्रेनिंगमध्ये एक केस शिकवली होती, नाव न घेता. लूप, गिट्टीचे डबे, इसरलेलं कडं. मी वळखलं. घरी येऊन रागात बोललो त्याईले, का तुमच्यामुळं मले मान खाली घालून बसाव लागलं. ते उठून बाह्यर गेले. मंग तो विषय घरात कधी निघालाच नाही. आता वाटते, इसरते मानूस. एवढं काय बोलाव होतं मी?"

मी म्हणालो, "असं होतं कधी कधी." आणि फोन ठेवला.

हा मजकूर प्रणवला द्यायला अजून पंधरा दिवस आहेत. छापलेल्या पानावरून सुनीलला हे कळू नये. चांदूर रेल्वेला जाऊन, त्याच्यासमोर बसून, त्याचे वडील काहीही विसरले नव्हते, कडं मी काढलं आणि वेळ असताना मी गप्प बसलो, हे मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही. देवरावभाऊंचं मी एवढं देणं लागतो.